पिवळ्याला तार लावू नये

"तुमच्या मिरच्यांवर काय पडलंय ते आधी बघा, चहाचं मग बघू," शेजारच्या वहिनी कुंपणावरून म्हणाल्या.

वाणगावच्या मिरच्या अंगणात चादरीवर वाळत टाकल्या होत्या. त्यांच्यावर साबुदाण्याएवढे पांढरे दाणे. झटकले तर हलेनात. बोटांना चिकटले, बोटांवरून पदराला, पदरावरून परत मिरच्यांना. फुंकर मारली की वीतभर उडून पुन्हा तिथेच. वहिनींच्या कढीपत्त्यावर तेच आणि आमच्या जास्वंदीच्या कळ्यांवरही तेच.

"कोपऱ्यावरचा बंगला," वहिनींनी डोळ्यांनीच दाखवलं. आवाज एकदम खाली. "काल दुपारभर करवत चालली होती. मी म्हटलं, पलंग करतायत की काय. तर थर्माकोल कापतायत. लाकडाच्या करवतीने!"

आता कोपऱ्यावरच्यांची थोडी हकिगत सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. काका रिटायर झाले आणि बंगल्यावर एक खोली चढवली. पावसाआधी उरकायचं म्हणून तात्पुरता पत्रा टाकला. बोईसरमध्ये तात्पुरता टाकलेला पत्रा कधी कायमचा होतो ते कोणालाच कळत नाही, तसं त्यांचंही झालं. मे महिन्यात त्या खोलीत दुपारी मांजरसुद्धा जात नाही. सुनेने साफ सांगितलं, वर झोपायचं असेल तर तुमचं तुम्ही झोपा. मग पुण्याच्या जावयाला फोन गेला. जावई काँप्युटरवाला, सगळ्या गोष्टी मोबाइलवर बघून ठरवणारा. त्याने निकाल दिला की पत्र्याखाली इन्सुलेशनचे बोर्ड लावा. बोर्ड टेम्पोने आले. अख्ख्या आळीने ते उतरताना बघितले, त्यामुळे ही बातमी काही मी फोडत नाहीये.

"मग कापायचं कशाने ते जावयाने नाही सांगितलं?"

"सांगितलं ना. गरम सुरीचं मशीन मागवलंय ऑनलाइन. चार-पाच हजारांचं, म्हणे लोण्यात सुरी जावी तसं जातं. पण ते येईपर्यंत यांना धीर कुठला? पाऊस तोंडावर. काढली माळ्यावरची करवत!"

तेवढ्यात वहिनींचे यजमान बाहेर आले. आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणतो. तारापूर एमआयडीसीत उभी हयात मेंटेनन्सचा फिटर म्हणून काढली, पण मूळ घर चिंचणीचं. चिंचणी-वाणगाव पट्ट्यात कित्येक घरांत दागिन्यांचे डाय कोरण्याचं काम चालतं, भाऊंचे भाऊबंदही त्यातलेच. पोलादात केसाएवढी रेघ कोरणाऱ्या घरातला माणूस. त्याच्यासमोर कोणी हत्यार चुकीचं धरलं की त्याचा रक्तदाब वाढतो.

भाऊंनी कुंपणावरचा एक दाणा चिमटीत धरला, उजेडाला बघितला आणि म्हणाले, "अख्खा आहे."

"अख्खा म्हणजे?"

"कापलाच नाहीये, उपटलाय. थर्माकोल म्हणजे काय, बारीक मणी वाफेने फुगवायचे आणि साच्यात एकमेकांना चिकटवायचे. शंभरातले अठ्ठ्याण्णव भाग हवा. लाकडाला रेषा असते, करवतीचा दात ती तोडत जातो. याला रेषा कुठली? दात मण्यात अडकतो आणि त्याला मुळासकट बाहेर काढतो. वर घासाघाशीने वीज चढते दाण्यांवर, म्हणून ते चिकटतात. ओल्या फडक्याने पुसा, निघतील."

"मिरच्या ओल्या फडक्याने पुसू?"

यावर भाऊंकडे उत्तर नव्हतं. ते म्हणाले, "तुकडा बघायला पाहिजे त्यांचा."

बघायला पाहिजे म्हणजे आम्ही आणायला पाहिजे, कारण भाऊ आणि कोपऱ्यावरचे काका बोलत नाहीत. आंब्याच्या फांदीवरून बिनसलंय. फांदी भाऊंच्या आंब्याची, सावली काकांच्या टाकीवर, पानं काकांच्या पन्हाळात. त्यात कोण किती बरोबर हे मी लिहिणार नाही, मला इथे राहायचं आहे. दोघांच्या बायका मात्र रोज मासळीवालीच्या टोपलीशी एकत्र असतात. तेव्हा वहिनी गेल्या आणि "तुळशीला खाली ठेवायला तुकडा देता का" म्हणून दोन तुकडे घेऊन आल्या. एक पांढरा, एक पिवळा.

"पिवळा कुठून आला?" भाऊंचा चेहरा बदलला.

इथे खरी बातमी होती. जावयाने मागवलेले पांढरे बोर्ड कमी पडले. काकांनी नाक्यापलीकडच्या भंगारवाल्याकडून पिवळ्या पॅनेलचे तुकडे किलोवर आणले. कुठल्यातरी जुन्या कोल्ड रूमच्या भिंती. आमच्याकडे एवढे कारखाने, बर्फाचे, मासळीचे, औषधांचे. एखादी खोली मोडली की तिच्या भिंती भंगारात येतातच. स्वस्तात मिळाले म्हणून काका खूश होते.

"दोन्ही एकच तर असणार," मी म्हटलं. "हलकं ते हलकं."

भाऊंनी वहिनींना आतून लेकीचं नेलपॉलिश रिमूव्हर आणायला सांगितलं. त्यांनी बाटली वाचून घेतली, ॲसिटोनवालं आहे ना. दोन्ही तुकडे कुंपणाच्या कठड्यावर ठेवले आणि दोन्हींवर दोन-दोन थेंब टाकले. पांढऱ्याने बारीक सुस्कारा टाकला आणि थेंबाखाली खड्डा पडला. खड्डा खोल होत गेला, तळाशी नुसता चिकट लगदा उरला. पिवळा ढिम्म. थेंब त्याच्यावर बसले, सुकले, एक डाग ठेवून गेले.

"पांढरा पॉलिस्टायरिन. पिवळा पॉलियुरेथेन, ज्याला आपण पफ म्हणतो. जात वेगळी. पांढऱ्याला ऊब दाखवली की तो मऊ होतो, शंभर अंशांच्या आसपासच. पिवळा वितळतच नाही, सरळ करपतो. आणि करपताना जो धूर सोडतो त्यात कार्बन मोनॉक्साइड तर असतोच, हायड्रोजन सायनाइडही असतं."

"म्हणजे ते गरम सुरीचं मशीन..."

"पांढऱ्यावर चालेल. पिवळ्यावर लावलं, बंद खोलीत, पत्र्याखाली, तर बघायला नको."

वहिनींनी माझ्याकडे बघितलं, मी वहिनींकडे. मशीन गुरुवारी यायचं होतं.

जाता जाता भाऊंनी तिसऱ्या जातीचंही सांगून टाकलं, कारण बाजारात ती बरीच दिसते. निळा, गुलाबी किंवा हिरवट बोर्ड, बहुधा सव्वा मीटर बाय साठ सेंटिमीटरचा. तोही पॉलिस्टायरिनच, फक्त मणी चिकटवून नव्हे तर यंत्रातून सलग दाबून काढलेला. त्याला एक्सपीएस म्हणतात. त्यात दाणा नाही म्हणून कचरा नाही, पाणी फारसं पीत नाही म्हणून गच्चीवर कोब्याखाली तो बरा. कापायलाही सगळ्यांत गुणी. कटरने अर्ध्यापर्यंत खोल रेघ मारायची, टेबलाच्या कडेवर ठेवून दाबायचं, कटकन तुटतो. पैसे मात्र जास्त.

मग आमच्या गप्पा हत्यारांवर आल्या आणि तिथून पुढे तासभर त्या हलल्या नाहीत.

माझं मत आधी सांगून टाकते. घरच्या एका खोलीसाठी मशीन आणणं म्हणजे हौस. हौस वाईट नाही, पण तिला गरज म्हणू नये. जिगसॉ, ग्राइंडर असलं काही तर थर्माकोलला लावूच नये. भाऊंच्या कंपनीत एका नव्या पोराने ग्राइंडर लावला होता. पात्याच्या वेगाने थर्माकोल वितळून पात्यालाच चिकटला, उरलेला सगळा शेडभर उडाला, आणि सुपरवायझरच्या चहात गेला. पोराला दाण्यांपेक्षा चहाचं जास्त ऐकावं लागलं.

भाऊंनी आतून आणला तो साधा पिवळ्या मुठीचा कटर. तोडत जायच्या पात्याचा, अठरा मिलिमीटर रुंदीचा. स्टेशनरीवाले नऊ मिलिमीटरचा देतात, तो कागदाला. या तोडायच्या पात्याची गंमत अशी की 1956 साली ओसाकात छापखान्यात काम करणाऱ्या योशिओ ओकादा नावाच्या माणसाने ते शोधलं. फुटक्या काचेची कड बोथट झाली की ती पुन्हा फोडून नवी धार मिळवणारे कारागीर त्याने बघितले होते, आणि चौकोनांवर तुटणारं चॉकलेटही. त्या दोन्हींतून ही रेघारेघांची पट्टी निघाली. आमच्याकडे मात्र ती रेघ तोडायलाच कोणी तयार नसतं. अख्खं घर एकाच बोथट टोकावर वर्षानुवर्षं चालतं, जणू पातं तोडलं की घराला काही बाधा होईल.

"तोच तर प्रश्न आहे," भाऊ म्हणाले. "सगळे विचारतात कुठला कटर चांगला. कटर कुठलाही घे रे बाबा, पाती दहाचं पाकीट घे. शंभराच्या आसपास येतं. मशीनच्या पैशांत आयुष्यभराची पाती येतील."

त्यांनी कठड्यावर जुन्या प्लायवूडचा तुकडा टाकला, वर थर्माकोल, त्यावर ॲल्युमिनियमची जाड पट्टी. पातं तीनेक इंच बाहेर काढलं, खटका घट्ट केला. पात्यावर मेणबत्ती दोनदा फिरवली. मग पातं उभं न धरता जवळजवळ आडवं केलं आणि स्वतःकडे लांब ओढलं, पट्टीच्या बाजूने, दुसरा हात रेघेच्या वाटेतून बाजूला ठेवून. पहिल्या ओढीत नुसती रेघ. दुसऱ्यात पातं निम्मं आत. तिसऱ्यात प्लायवूडपर्यंत. एकही दाणा उडाला नाही. आवाज आला तो कापड फाडल्यासारखा नाही, नुसता सरसर.

"आता बोथट पात्याने बघा." टोक न तोडलेला जुना कटर घेतला. कानाला झोंबणारा किर्र आवाज, दातांतून कळ जावी असा. "हा आवाज आला की समजायचं, पातं संपलं. पक्कडीने टोक मोडा. हाताने मोडू नका, डोळ्यात जातं."

दोन्ही कडा त्यांनी मला उजेडात दाखवल्या. चांगल्या कापाच्या कडेवर मणी मधोमध चिरलेले, सपाट गोल चकत्या चकत्या दिसत होत्या. वाईट कापाच्या कडेवर खळगे, कुठे मणी निघून गेलेला, कुठे लोंबता. मला वाटायचं कड कशीही असली तरी ती छतात लपणारच. भाऊ म्हणाले, तसं नाही. दोन बोर्डांच्या मध्ये बोटाएवढी फट राहिली की गरम हवा तिथूनच खाली येते, मग दोन इंची बोर्ड असो की चार इंची. सरळ कापाचं महत्त्व त्यासाठी, देखणेपणासाठी नव्हे.

इथपर्यंत वहिनी गप्प होत्या. त्यांचं माहेर सातपाटी. पापलेटांचं गाव. त्या पापलेटाला 2023 साली राज्यमासा केलं, आणि तो राज्यमासा मुंबईला जातो तो बर्फात, थर्माकोलच्या पेटीत. त्या पेट्या फुटतात, झाकणं मोडतात, जुन्या पेटीतून तुकडा काढून नव्या पेटीला बसवायचा ही लहानपणीची कामं.

"तुमचा कटर दोन इंचांपर्यंत," त्या म्हणाल्या. "पेटीची भिंत जाड असली की पातं वाकतं आणि खाली काप तिरका जातो. वरून बघायला सरळ, खालून अर्धा इंच पळालेला. आमच्याकडे लांब पातळ सुरी. दाते नसलेली. दगडावर घासलेली, हातभर ओढायची. ढकलायची नाही."

भाऊंनी हे मान्य केलं, पण पुरुषांच्या पद्धतीने. म्हणजे म्हणाले, "हेक्सॉ ब्लेडसुद्धा चालतं." हेक्सॉचं नुसतं पातं, फ्रेमशिवाय, एका टोकाला इन्सुलेशन टेप गुंडाळून मूठ केलेलं. इंचाला चोवीस दाते, लाकडाच्या करवतीपेक्षा कितीतरी बारीक. थोडे दाणे उडतात पण जाड बोर्ड पार होतो, आणि घरात नसेल असं बोईसरमध्ये एक घर नाही. पाव कापायची दातेरी सुरीही त्यातच आली. तरी पांढऱ्या थर्माकोलावर वहिनींची सुरी पहिली, हे माझं मत. मी दोन्हींचे काप बघितले.

पिवळ्याचं मात्र उलट. तिथे बारीक दातांची करवत बरी, कारण तो दाणेदार नाही, ठिसूळ आहे. अडचण त्याच्या भुकटीची. घाम आलेल्या मानेवर बसली की खाज सुटते, डोळ्यात गेली तर दिवसभर लाल. तेव्हा कापायचं ते अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून, मास्क आणि चष्मा लावून, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून. त्याच्या दोन्ही अंगांना पत्रा असेल तर आधी पत्रा कात्रीने वेगळा करायचा. चांदीचा कागद असेल तर तो दोन्हीकडून कटरने आधी चिरून घ्यायचा, नाहीतर करवत तो ओरबाडते. एवढं करायला तो लायक आहे का? आहे. दोन इंच थर्माकोल जेवढी उष्णता अडवतो तेवढी पिवळा दीड इंचाच्या आतच अडवतो. काकांनी सौदा वाईट केला नव्हता. जावयाचं मशीन फक्त त्या सौद्यात बसत नव्हतं.

मशीनचा विषय निघाला म्हणून भाऊ तारेच्या कटरवर गेले, आणि तारेवरून थेट गणपतीवर. पूर्वी श्रावण लागला की बोईसर-पालघरच्या स्टेशनरीच्या दुकानांत दोन सेलवर चालणारे चिमुकले थर्माकोल कटर टांगलेले असायचे. पोरं त्याने मखराची नक्षी कापायची, महालाच्या कमानी, मोर, ॐ. मंडळांची मोठी कामं घरी बनवलेल्या धनुकलीवर व्हायची. मग 23 मार्च 2018 ची राज्य सरकारची प्लास्टिक आणि थर्माकोलबंदी आली. थर्माकोलच्या ताट-वाट्यांबरोबर सजावटीचा थर्माकोलही त्यात गेला. मखरवाले उच्च न्यायालयात गेले, निदान त्या वर्षीच्या गणपतीपुरती सूट मागितली. जुलैमध्ये न्यायालयाने नाही म्हणून सांगितलं. भाऊंची धनुकली तेव्हापासून माळ्यावर.

ती त्यांनी उतरवली. दोन लाकडी भुजा, मध्ये आडवी काठी, आणि भुजांच्या टोकांना ताणलेली नायक्रोमची तार, अर्धा मीटर. एका टोकाला स्प्रिंग. स्प्रिंग कशाला विचारलं तर खडू घेऊन कुंपणाच्या भिंतीवर हिशेबच मांडला. सव्वीस नंबरची तार, मीटरला साधारण साडेसहा ओहम, म्हणजे अर्ध्या मीटरला सव्वातीन. बारा व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर दिला की साडेतीन अँपियरच्या वर करंट, चाळीसच्या वर वॅट. तापली की तार दोनेक मिलिमीटर लांब होते. स्प्रिंग नसेल तर तेवढीच ती ढिली पडते, आणि ढिली तार पोट काढून काप वाकडा करते.

"लाल झाली पाहिजे का तार?"

"अजिबात नाही. लाल झाली म्हणजे जास्त झाली. धूर निघाला तरी जास्त झाली. तार थर्माकोलला टेकायच्या आतच तो पुढे पुढे विरघळत गेला पाहिजे. तार मागे वाकायला लागली तर तुम्ही घाई करताय, आणि मध्येच थांबलात तर तिथे भोक वाढत जातं. हात एका चालीने."

भाऊंनी यात एक गोष्ट दोनदा सांगितली, म्हणून मीही लिहिते. ही तार घरच्या 230 व्होल्टच्या प्लगात थेट कधीही जोडायची नाही. काही जण पंख्याचा रेग्युलेटर मध्ये घालून तोच उद्योग करतात. रेग्युलेटर झटका थांबवत नाही. ट्रान्सफॉर्मर हवा, नाहीतर मोटरसायकलची बारा व्होल्टची बॅटरी, मध्ये फ्यूज टाकून. आणि पांढऱ्यालाही तार लावायची ती उघड्यावर. तो धूर सायनाइडवाला नसला तरी फुफ्फुसाला गोडही नाही.

मला ती धनुकली बघून मोह झाला, खोटं कशाला बोलू. तिने कापलेली कड बोट फिरवलं तर काचेसारखी गुळगुळीत. पण सरळ चौकोनी बोर्डाला ती लागते कुठे? कमानी, गोलवा, पाइपाभोवतीची खाच, असल्या कामाला तिची शान. शिवाय भाऊ हे सगळं सांगत असतानाच लाइट गेले. तारापूरला 1969 पासून अणुवीज तयार होते आणि आमच्या आळीत मे महिन्याच्या दुपारी पंखा बंद. कटरला प्लग लागत नाही, हा मुद्दा वहिनींनी पदराने वारा घेत मांडला.

छताला लावायचं कसं यावरही भाऊ बोलले, ते थोडक्यात. थर्माकोल पत्र्याला थेट चिकटवू नये. भर उन्हात पत्रा साठ अंशांच्या वर सहज जातो, ऐंशीच्या आसपास थर्माकोल दगा द्यायला लागतो, तेव्हा मध्ये हवेला जागा ठेवावी. उग्र वासाचा पिवळा रबरी गोंद लावला तर त्यातलं द्रावक थर्माकोलच खातं. पांढरा फेविकॉल चालतो. वायर त्याला टेकवून नेऊ नये, पाइपातून न्यावी, कारण थर्माकोलला टेकलेल्या पीव्हीसी वायरचं आवरण वर्षांनी कडक होऊन तडकतं. आणि खालून जिप्समचा किंवा सिमेंटचा बोर्ड लावून झाकावंच, कारण पांढरा असो की पिवळा, पेटतात दोघेही. शेवटी म्हणाले, गच्चीवर विटांचा कोबा टाकून ओझं वाढवण्यापेक्षा हे हलकं बरं. डहाणू-तलासरीकडे नोव्हेंबर 2018 पासून जमीन हलते आहे, डोक्यावर जेवढं कमी तेवढं चांगलं.

माझ्या सासरी केळव्याला कौलं होती. कौलांच्या फटींतून वारा यायचा, उजेड यायचा, विंचूही यायचा. पण दुपारी झोप लागायची. कौलं गेली, पत्रा आला, आणि आता पत्र्याखाली हे सगळं.

आता प्रश्न उरला निरोपाचा. भाऊ स्वतः जाणार नाहीत. "मी काय म्हणून सांगू? त्यांना पन्हाळातली पानं दिसतात फक्त." पण गुरुवार जवळ येत होता आणि पिवळे तुकडे काकांच्या जिन्याखाली रचलेले दिसत होते. वहिनींनी दुसऱ्या दिवशी मासळीवालीकडे बोंबील निवडता निवडता कोपऱ्यावरच्या काकूंना नेलपॉलिशचा प्रयोग सांगितला. काकूंनी घरी जाऊन तो केला. काकूंचा प्रयोग काकांनी बघितला. संध्याकाळी करवत बंद.

आणि मग जे सुरू झालं ते मी गेल्या कित्येक वर्षांत या आळीत बघितलं नव्हतं. काकूंच्या हातून एक चिठ्ठी आमच्याकडे आली, आमच्याकडून वहिनींकडे, वहिनींकडून भाऊंकडे. चिठ्ठीत नुसती मापं. खोली बारा बाय दहा, कैच्यांमधलं अंतर इतकं. नाव नाही, नमस्कार नाही. भाऊंनी चष्मा लावला, पेन्सिल घेतली आणि चिठ्ठीवरच उत्तर लिहिलं: 'अंतर दोन्ही टोकांना मोजावे. गवंड्याचा गुण्या सरळ असतोच असे नाही. बोर्ड 2 मि.मी. जास्त धरून कापावा, दाबून बसतो, खिळा लागत नाही.' चिठ्ठी त्याच वाटेने परत.

दुसरी चिठ्ठी आली: 'भिंत वाकडी आहे. काय करावे?' उत्तर: 'आधी वर्तमानपत्र कापून नमुना करावा. तो बोर्डावर ठेवून कापावे. उरलेली बारीक कड पॉलिश पेपरने.' तिसरी: 'दाणे कुठे टाकावे?' याचं उत्तर भाऊंनी जरा जोरात लिहिलं, पेन्सिलचं टोक मोडलं: 'ओल्या फडक्याने गोळा करून पिशवीत बांधून भंगारवाल्याकडे तुकड्यांसकट. गटारात नाही. गटार नवापूरच्या खाडीत जाते. तिथे आधीच काही कमी नाही. जाळू तर मुळीच नये.' हा मजकूर मी मधल्या मध्ये वाचला हे उघडच आहे. कुंपण माझं आहे.

गुरुवारी मशीन आलं. खोका उघडला की परत केला, यावर अजून दोन मतं आहेत. काकू म्हणतात परत पाठवलं. पण परवा त्यांच्या गॅलरीतून गरम थर्माकोलचा वास आला होता आणि पांढऱ्या तुकड्याला कोरलेला एक मोर त्यांच्या शो-केसमध्ये बसलाय. वहिनींनी तो खिडकीतून बघितला. नातवासाठी असेल. पिवळ्याला मात्र तार लावली नाही, हे खात्रीने सांगते, कारण रविवारी सकाळी काका अंगणात मास्क आणि स्कूटरवर घालायचा गॉगल लावून, उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, हेक्सॉच्या पात्याने सावकाश कापत बसले होते. वाऱ्याकडे पाठ. भाऊ आपल्या गच्चीवरून ते बघत होते, पण बघतोय असं दिसू नये म्हणून टाकीचं झाकण उघडून उभे होते.

दुपारी भाऊंनी आपणहून एक चिठ्ठी पाठवली. त्यात एकच ओळ: 'आंब्याची ती फांदी छाटायला हरकत नाही. आंबे उतरल्यावर.'

अर्ध्या तासात उत्तर आलं, काकांच्या ठसठशीत अक्षरात.

'फांदीचे नंतर बघू. 18 मि.मी.ची पाती संपली. दोन द्यावी.'